नेम मोडायचा नाही

(दिंडीच्या शताब्दी समारोपात गावच्या मंदिरात तरुण वारकरी आणि ग्रामस्थ यांच्यापुढे झालेले भाषण. बोलताना जसे झाले तसेच ठेवले आहे.)





समारोपात खेळाडूंविषयी चार शब्द सांगा, कष्टानं माणूस कसा वर येतो ते पोरांच्या कानावर घाला, असं आम्हाला सांगण्यात आलं. आम्ही काही कीर्तनकार नव्हे. उमेदीत गावच्या तालमीत घाम गाळला, जत्रेत रेवड्यांवरच्या कुस्त्या केल्या, पुढं थोड्याफार बिदागीच्या केल्या. मोठी गदा काही खांद्यावर आली नाही. त्यानंतर वारी धरली, ती अजून सुटली नाही. एवढ्या भांडवलावर बोलतो. चुकलं तर पदरात घ्या.

पण विषयाला हात घालण्याआधी एक गोष्ट कबूल करायची आहे. काही वर्षांमागं फलटणच्या मुक्कामी, रात्री जेवणं उरकल्यावर, आपल्याच दिंडीतली एक माउली आमच्यापाशी येऊन बसली. तिचा पोरगा पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे चारला उठायचा. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, सगळं मन लावून करायचा. दिवसा शेतात राबायचा, रात्री पुस्तक धरायचा. एकदा थोड्या गुणांनी राहिला, दुसऱ्यांदाही थोड्याच गुणांनी राहिला. तेव्हापासून तो कुणाशी बोलेना, मैदानाकडं फिरकेना. त्या वर्षी वारीलाही आला नाही. ती माउली म्हणाली, "तुम्ही थोर माणसं दरवर्षी सांगता, कष्टाला फळ येतंच. माझ्या लेकरानं कुठं कमी केलं ते तेवढं सांगा."

आम्ही तिघं-चौघं जाणती म्हणवणारी माणसं तिथं बसलो होतो. एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. कुणीतरी "नशीब" म्हणालं, कुणी "पांडुरंगाची इच्छा" म्हणालं. ती उठून गेली. तिला त्या रात्री द्यायला हवं होतं ते उत्तर आज देण्याचा प्रयत्न करतो. पोरांनो, तुम्हालाही ते लागणार आहे.

आता आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या एका माणसाची गोष्ट ऐका. कराडजवळचं गोळेश्वर तुम्हाला ठाऊक आहे. तिथं 15 जानेवारी 1926 रोजी खाशाबा जाधव जन्मले. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळं मातीची ओळख घरातच झाली. शाळा कराडच्या टिळक हायस्कुलात, कॉलेज कोल्हापूरच्या राजाराममध्ये. अंगानं काही ते दांडगे नव्हते. पण चपळाई जबर, आणि ढाक हा हुकमी डाव.

1948 साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाला मदत केली. तिथं काय झालं बघा. आपला गडी लाल मातीत वाढलेला. तिथं कुस्ती गादीवर, नियम वेगळे, गुणांची मोजणी वेगळी. मातीत पाय रोवायची सवय, गादीवर पाय घसरतो. तरीही त्यांनी सहावा नंबर मिळवला. घरी आले ते पदकाविना.

इथं थांबून विचार करा. सहावा नंबर घेऊन आलेल्या माणसापुढं दोन वाटा असतात. एक, "आपल्याला मातीच बरी" म्हणून गावात मोठं होऊन बसायचं. दुसरी, जे कमी पडलं तेच धरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. खाशाबांनी दुसरी वाट धरली. पुढची चार वर्षं जोर-बैठका, लढती आणि गादीच्या कुस्तीचा सराव. त्या चार वर्षांची बातमी कुठं छापून आली नाही. रोज पहाटे उठून कुणी बैठका मारतो, ही बातमी होत नसते. आपण माळ घातल्यावर रोज हरिपाठ म्हणतो, त्याची तरी कुठं बातमी होते?

1952 ला हेलसिंकीचं ऑलिंपिक आलं. हा गाव पार तिकडं युरोपच्या उत्तरेला, फिनलंड देशात. निवड झाली, पण जायला पैसे नाहीत. मग काय झालं? गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी आपापल्या परीनं पैसे काढून दिले. आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. एका मास्तरानं आपल्या विद्यार्थ्यासाठी घर गहाण ठेवलं. 1952 चे सात हजार म्हणजे किती, ते इथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

हेलसिंकीत खाशाबा 57 किलो वजनी गटात उतरले. कॅनडाचा, मेक्सिकोचा, जर्मनीचा असे एकामागून एक मल्ल त्यांनी हरवले. मग जपानच्या इशीबरोबर लांबलेली दमछाक करणारी लढत झाली, ती हरले. त्या इशीलाच पुढं सुवर्णपदक मिळालं. ती कुस्ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्लाशी खेळायला बोलावलं. दोन कुस्त्यांमध्ये विसावा मिळायला हवा होता, पण तसं ठणकावून सांगायला आपल्याकडचा कुणी अधिकारी तिथं हजर नव्हता, असं सांगतात. थकलेल्या अंगानं ते खेळले आणि हरले. 23 जुलै 1952 या दिवशी त्यांच्या गळ्यात कांस्यपदक पडलं. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूनं मिळवून दिलेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. त्यानंतर तसं दुसरं पदक यायला 1996 साल उजाडावं लागलं. मध्ये 44 वर्षं गेली.

गावी परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि त्या मिरवणुकीनंतर त्यांनी काय केलं? कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले, आणि त्या पैशातून प्राचार्यांचं कर्ज फेडलं. पदक घरी आलं म्हणून ऋण विसरले नाहीत.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक लोक इथं थांबतात. आम्हाला पुढचंही सांगायचं आहे. खाशाबा पुढं पोलीस खात्यात लागले. फौजदार म्हणून सुरुवात केली, बढती मिळायला फार वर्षं लागली. सरकारदरबारी जो मान मिळायला हवा होता, तो त्यांच्या हयातीत मिळाला नाही. 1984 साली अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला त्यांचं नाव लागलं तेही नंतरच.

मग त्यांच्या कष्टाला फळ आलं की नाही? सांगा बरं. सोनं मागितलं असेल, कांस्य मिळालं. मान मागितला असेल, तो उशिरा आला. म्हणजे फळ आलं, पण मागितलं तसं आणि मागितलं तेव्हा आलं नाही. आम्ही त्या माउलीला हेच सांगायला हवं होतं. कष्ट केला की फळ हमखास आणि ठरलेल्या दिवशी, हा बाजारातला व्यवहार झाला. असा व्यवहार आपण पांडुरंगाशीही करत नाही. आपण वारीला जातो ते काही मागायला नव्हे. गर्दीमुळं आत जाता आलं नाही, तर कळसाला हात जोडून आनंदानं परत फिरणारे किती वारकरी या मंडपात आहेत! त्यांची वारी फुकट गेली असं कुणी म्हणेल का?

दुसरा एक गडी बघा, तो आजच्या काळातला. अविनाश साबळे. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातलं मांडवा त्याचं गाव. कष्टकरी घरातला पोर. शाळा सहा किलोमीटरवर, वाहन नाही, म्हणून चालत-पळत जायचा. बारावीनंतर सैन्यात भरती झाला, सियाचीनच्या बर्फात राहिला, राजस्थानच्या वाळूत राहिला. धावण्याच्या स्पर्धेत तो उतरला ते सैन्यात गेल्यानंतर, म्हणजे तसं उशिराच. त्यातून त्यानं धरली 3000 मीटर स्टीपलचेस. या शर्यतीत 28 वेळा लाकडी अडथळ्यावरून आणि 7 वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यावी लागते. साध्या अडथळ्याच्या शर्यतीत पाय लागला तर अडथळा पडतो. हा पडत नाही, आपणच पडतो. अशा शर्यतीत त्यानं स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम पुन्हा पुन्हा मोडला. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण हुकलं ते एका सेकंदाच्या शंभर भागांतल्या फक्त 5 भागांनी. डोळ्याची पापणी लवायला त्याहून जास्त वेळ लागतो. तो खचून घरी बसला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण पुढच्याच वर्षी आशियाई स्पर्धेत त्यानं सुवर्ण आणलं.

पोरांनो, या दोघांत एक गोष्ट सारखी आहे. दोघांनीही हरल्याच्या दुसऱ्या दिवशी नेम चालू ठेवला. अभ्यासाचं मोल तुकोबारायांनी सांगून ठेवलंय, ते तुम्हाला पाठ आहे, आम्ही पुन्हा म्हणून दाखवत नाही. फक्त वारीतला अनुभव सांगतो. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. नवखा माणूस पहिल्याच दिवशी अडीचशेचा हिशेब मांडतो आणि घाबरतो. पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यांत लांब, त्यात दिवेघाट. घाट चढताना पायाला फोड, खांद्याला पडशी, वर ऊन नाहीतर पाऊस. त्या घाटात आम्ही भलेभले धट्टेकट्टे बसलेले पाहिलेत, आणि साठीची म्हातारी टाळीच्या ठेक्यावर पुढं गेलेली पाहिलीय. म्हातारी अडीचशे किलोमीटर चालतच नसते. ती पुढच्या अभंगापर्यंत चालते. तो संपला की त्याच्या पुढच्या अभंगापर्यंत.

आणि ती एकटी चालत नसते, हेही ध्यानात घ्या. मागं राहिली तर कुणी हात देतं, कुणी पडशी घेतं, कुणी पाणी पुढं करतं. खाशाबांच्या मागं गाव होतं, प्राचार्य होते. कष्ट ज्याचे त्यालाच करावे लागतात, पण कष्ट करणाऱ्याला सांभाळायचं काम आपल्या सगळ्यांचं. त्या पोराच्या बाबतीत आपण तिथंच कमी पडलो. तो पळत होता तेव्हा आपण कौतुक केलं. तो पडला तेव्हा आपण यादी वाचली आणि घरी गेलो.

आता त्या पोराचं पुढं काय झालं ते सांगतो. पुढच्या वर्षी विणेकरीबुवा स्वतः त्याच्या घरी गेले. उपदेश काही केला नाही. म्हणाले, "पुढं जाऊन तंबू ठोकायला माणूस कमी पडतंय. येतोस का?" तो आला. एकवीस दिवस पहाटे सगळ्यांच्या आधी उठून पुढच्या मुक्कामाला जायचा. आम्ही पोचेपर्यंत तंबू उभे, पाणी भरलेलं. परतीच्या वाटेवर तो पुन्हा बोलायला लागला. त्यानं आणखी एकदा भरती दिली, त्यातही राहिला. मग वयाची अट उलटली. वर्दी काही त्याला मिळाली नाही. ते दुःख त्याच्या मनात आहे, आम्ही ते झाकत नाही.

पण आज पहाटे पाचला ओढ्याकडच्या माळावर जाऊन बघा. गावातली पंधरा-वीस पोरं-पोरी तिथं पळत असतात आणि तो शिट्टी घेऊन उभा असतो. टाच कशी टेकायची, श्वास कुठं राखायचा, गोळा मानेपासून कसा सोडायचा, हे त्याला शिकवता येतं, कारण त्यानं ते सगळं केलेलं आहे. गेल्या भरतीत त्याच्या हाताखालच्या एका मुलीचं नाव यादीत लागलं. पेढे घेऊन ती आधी त्याच्याकडं गेली, मग देवळात आली. त्याच्या पहाटा वाया गेल्या असं म्हणायची आता आमची छाती नाही.

शेवटचं एक मागणं, आणि थांबतो. शताब्दीच्या वर्गणीतून जी शिल्लक राहील, तिची वेशीवर कमान बांधावी अशी सूचना आली आहे. कमानीला आमचा विरोध नाही. पण आपल्या तालमीचं छप्पर गळतंय, हौद्यातली माती वाळून दगड झालीय, आणि पहाटे पळणारी पोरं रिकाम्या पोटी घरी जातात. कमान पुढच्या वर्षी बांधू. यंदा छप्पर करू, माती बदलू, आणि पोरांना दूध-गुळाची सोय करू. आपण कुणी घर गहाण ठेवायला सांगत नाही. घरटी थोडं थोडं दिलं तरी पुष्कळ.

शंभर वर्षांमागं आपल्या पूर्वजांनी चार टाळ आणि एक वीणा घेऊन ही दिंडी काढली. पुढं वाईट सालं आली, दुष्काळ आले, रोगराईत घरातच नेम पाळायची वेळ आली. तरी दिंडी मोडली नाही, कारण कुणी ना कुणी दर वर्षी नेम धरला. तीच गोष्ट या पोरांना द्यायची आहे. जिंकलास तर माळावर ये, हरलास तरी माळावर ये. आणि आपण थोरांनी एवढंच पाहायचं, की तो आला तेव्हा तिथं कुणीतरी उभं असेल.

बोला पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!