आपल्या नावाचे अक्षर

आज मी अक्षरांविषयी बोलणार आहे. पुस्तकातल्या नव्हे, तर दुकानाच्या पाटीवर, मिठाईच्या खोक्यावर, बँकेच्या दारावर एखाद्या नावाची ओळख बनून बसलेल्या अक्षरांविषयी. लोगो म्हणजे व्यवसायाची सही. ती शेजाऱ्याच्या सहीसारखी असून कशी चालेल? तरीही जगभरचे असंख्य लोगो त्याच त्या मोजक्या फॉन्टमध्ये तयार होतात.

पॅपिरस या फॉन्टचेच पाहा. ख्रिस कॉस्टेलो या तरुण अमेरिकन चित्रकाराने १९८२ मध्ये तो काढला. दोन हजार वर्षांपूर्वी पॅपिरसवर इंग्रजी लिहिली गेली असती तर कशी दिसली असती, ही त्यामागची कल्पना. खडबडीत कागदावर पेनाने रेखलेली, कडा झिजल्यासारखी ती अक्षरे लेट्रासेट कंपनीने बाजारात आणली. पुढे संगणकाबरोबरच हा फॉन्ट मिळू लागला आणि काही नैसर्गिक, काही प्राचीन, काही पूर्वेकडचे दाखवायचे झाले की लोक डोळे झाकून पॅपिरस निवडू लागले. योगवर्ग, मसाज केंद्रे, हर्बल साबण, चहाची दुकाने, सगळीकडे तोच. २००९ मध्ये आलेला ‘अवतार’ हा तर प्रचंड खर्चाचा चित्रपट, त्याच्याही नावाला थोडे फेरफार करून पॅपिरसच वापरला गेला. २०१७ मध्ये अमेरिकी टेलिव्हिजनवर या निवडीवर एक प्रहसन सादर झाले आणि ते जगभर गाजले. कॉस्टेलोने अक्षरे मनापासून काढली होती, त्याच्याकडे दोष जात नाही. दोष आहे तो विचार न करता ती उचलण्याचा.

याच्या अगदी उलट प्रकृतीचा फॉन्ट म्हणजे हेल्वेटिका. स्वित्झर्लंडमध्ये १९५७ साली मॅक्स मीडिंगर यांनी तो रेखला. स्वच्छ, नेमका, कुठलाही आव न आणणारा. लुफ्तान्सासारख्या कंपन्यांनी तो विचारपूर्वक स्वीकारला आणि वर्षानुवर्षे सांभाळला. पण जे शंभरांनी वापरले ते आपल्यालाही शोभेल, या समजुतीने फसगत होते. ‘गॅप’ या कपड्यांच्या अमेरिकी कंपनीने २०१० मध्ये आपला जुना, ओळखीचा लोगो काढून हेल्वेटिकातले नाव आणि एक छोटा निळा चौकोन आणला. ग्राहक इतके नाराज झाले की आठवड्याभरातच जुना लोगो परत आला. लंडनच्या ‘बरबेरी’ने २०१८ मध्ये जाड, सरळसोट अक्षरे घेतली. तेव्हा अनेक फॅशन कंपन्या त्याच वळणावर गेल्या होत्या. ही नावे एका ओळीत मांडली तर कोणते कोणाचे ते कळेना. २०२३ मध्ये बरबेरीने पुन्हा नाजूक टोकांची अक्षरे आणि आपला जुना घोडेस्वार पुढे आणला.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि लहान दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली. मराठी अक्षर इतर लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नसावे, असेही ठरले. मराठीला रस्त्यावर मानाची जागा मिळाली याचा मला मनापासून आनंद आहे. पण पाट्या नीट पाहा. इंग्रजी नावावर मेहनत घेतलेली दिसते आणि मराठी नाव मात्र फ्लेक्सवाल्याच्या संगणकात जे हाताला लागले त्या फॉन्टमध्ये. अनेकदा तो मंगल असतो. र. कृ. जोशी यांच्यासारख्या थोर अक्षरतज्ज्ञाने तो संगणकाच्या पडद्यावर देवनागरी मजकूर नीट वाचता यावा म्हणून घडवला. ते काम मंगलने चोख केले. वीस फुटी पाटीवर मिठाईवाल्याची ओळख सांगणे हे त्याचे कामच नव्हे.

दुसरा प्रकार कुंचल्याच्या फटकाऱ्याची नक्कल करणाऱ्या फॉन्टचा. समजा, पाटीवर ‘काकांची मिसळ’ लिहिले आहे. हाताने लिहिले असते तर पहिल्या ‘क’चे पोट रंगाने भरलेले आणि दुसऱ्या ‘क’पाशी कुंचला थोडा कोरडा झालेला दिसला असता. फॉन्टमध्ये दोन्ही ‘क’ तंतोतंत सारखे. शेपटीचे फाटलेपणसुद्धा तेच, त्याच जागी. पुढच्या चौकात रसवंतीच्या पाटीवरही तोच ‘क’ भेटतो. मग हाताची ऊब दाखवण्याचा सगळा खटाटोप वाया जातो.

खरे तर देवनागरीइतकी मोकळीक फार थोड्या लिप्यांत असेल. शिरोरेषा आहे, वेलांटीचा झोक आहे, उकार, रफार, जोडाक्षरे आहेत. नावागणिक वेगळे रूप देता येते. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षके कित्येक दशके हाताने रेखली. विनोदी नाटकाचे अक्षर वेगळे, ऐतिहासिक नाटकाचे वेगळे. वर्तमानपत्रातली जाहिरात पाहताच नाटकाची जात कळायची. २०२० मध्ये ते गेले, पण त्यांचे काम आपल्यापुढे आहे.

फॉन्ट वापरूच नये, असे मी म्हणत नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’सारख्या मंडळींनी उत्तम देवनागरी फॉन्ट घडवले आहेत आणि त्यांतले काही विनामूल्य मिळतात. फॉन्ट जरूर घ्या. पण नावाची मांडणी करताना निदान एखादी मात्रा, एखादे जोडाक्षर आपल्या हाताने घडवा. डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींना माझे सांगणे आहे, संगणक सुरू करण्याआधी ते नाव कागदावर दहा प्रकारे लिहून पाहा. आणि दुकानदार बंधुभगिनींनो, काम देण्याआधी आपल्या रस्त्यावरून एक फेरी मारा आणि शेजारच्या पाट्या वाचा. मग डिझायनरला ‘त्यांच्यासारखे करून द्या’ असे सांगू नका. ‘आमच्या नावाला शोभेल असे करा’ म्हणा, त्यासाठी त्याला पुरेसा वेळ द्या आणि योग्य मोबदला द्या. दिवे, काच आणि फर्निचर यांवर आपण हात सैल सोडतो. त्यातला थोडा वाटा आपल्या नावाच्या अक्षरालाही द्या.