ज्येष्ठ भगिनींसाठी व्यायाम : कोणता आणि कशासाठी?



साठी ओलांडलेल्या स्त्रियांना आम्ही व्यायाम सुचवला की बहुधा एकच उत्तर मिळते : "जिंदगीभर कामच केलं जी, आता कायचा व्यायाम?" प्रश्न रास्त आहे. मूल-सिंदेवाहीकडे धानाच्या रोवणीत दिवसभर वाकून राहणाऱ्या, पहाटे मोहफुले वेचणाऱ्या, तेंदूपानांचे पुडे बांधणाऱ्या स्त्रियांना आळशी कोण म्हणेल? तथापि श्रमात तेच स्नायू आणि तोच वाकलेला कणा वर्षानुवर्षे राबतो. उरलेले शरीर तसेच दुबळे होत जाते. रजोनिवृत्तीनंतर हाडेही वेगाने विरळ होतात. मग न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि घर चालवणारी बाई खाटेला खिळते.

चालणे उत्तमच. हृदय, श्वास, रक्तातील साखर या सर्वांस ते हितकारक आहे. परंतु केवळ चालण्याने पडणे टळते असे सिद्ध झालेले नाही. २०१९ साली 'कोक्रेन' संस्थेने जगभरातील चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. तोल सांभाळण्याचे व उठण्याबसण्याचे व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांत पडण्याचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी कमी आढळले; ताकदीच्या व्यायामाची जोड दिली तेथे सुमारे ३४ टक्क्यांनी. ऑस्ट्रेलियातील २०१८ च्या एका चाचणीत हाडे विरळ झालेल्या स्त्रियांनी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास जड वजने उचलली. त्यांच्या कण्याच्या हाडाची घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती घटली. असे वजन कोणी स्वतःच्या मनाने उचलू नये, हे सांगणे न लगे.

योगासनांनी अंग लवचिक राहते, तोलही काहीसा सुधारतो. मात्र सौम्य आसने स्नायूंच्या ताकदीची उणीव भरून काढीत नाहीत, असे आमचे मत आहे. योगशिक्षक मित्र रागावणार नाहीत अशी आशा आहे.

बल्लारपूरचा उन्हाळा आणि आसपासच्या जंगलातील वाघ-बिबट्यांची धास्ती पाहता पहाटे दूर फिरायला जा, असे आम्ही सरसकट सांगत नाही. घरच्या घरी खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून टाचा उचलणे, ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे, एवढे जमते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढील व्यक्तींसाठी तोल आणि ताकद यांवर भर देणारे विविध व्यायाम आठवड्यातून निदान तीन दिवस आणि १५० मिनिटे मध्यम गतीच्या हालचाली सुचविल्या आहेत.

पायांची ताकद मोजण्याची एक सोपी रीत आहे. खुर्ची भिंतीला टेकवावी, हात छातीशी बांधावेत आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते घरच्या माणसाने जवळ थांबून मोजावे. वय ६० ते ६४ असता बारापेक्षा कमी, ७० ते ७४ असता दहापेक्षा कमी वेळा जमले, तर पडण्याचा धोका अधिक समजावा. ज्यांना चालताना छातीत दुखते किंवा उठताना भोवळ येते, त्यांनी हे करून पाहण्याआधी तपासणी करून घ्यावी.