रस्ता आधी चालणाऱ्याचा
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



सीमाप्रश्नासाठी जमणाऱ्या आपल्या सभेत फूटपाथ आणि बसथांब्याचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीसाठी आणि १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करण्यासाठी आपण दरवर्षी रस्त्यावर येतो. ते आलेच पाहिजे. महाराष्ट्र सरकारने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. पण बोगारवेशीत, म्हणजे आपल्या धर्मवीर संभाजी चौकात, आपल्या माणसांना आज संध्याकाळीच रस्ता ओलांडायचा आहे. तो प्रश्न निकालापर्यंत थांबणारा नाही.

मी बँकेत कारकून आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझ्या खिडकीसमोर पेन्शनसाठी वृद्धांची रांग असते. कोणी वडगावहून, कोणी अनगोळहून, कोणी येळ्ळूरहून बसने आलेले असते. मागे एका आजींनी पैसे मोजून पदराला गाठ मारली आणि म्हणाल्या, "बाळा, पैशाचं काय न्हाई, तेवढं रस्त्याच्या पलीकडं नेऊन सोड." मी त्यांना सोडून आलो. पण परत येताना मनात आले, ज्या शहरात सत्तरीतल्या बाईला बस गाठायला दुसऱ्याचा हात धरावा लागतो, तिथे चूक बाईची की रस्त्याची?

चूक कुठे होते ते नीट पाहू. थांब्यासमोर रिक्षा, वडाप आणि दुचाकी उभ्या असतात. त्यामुळे बसला कडेला येता येत नाही, ती रस्त्याच्या मधोमध थांबते. बस आली की माणसे फूटपाथ सोडून रस्त्यात धावतात आणि बस व कडा यांच्यामधल्या फटीतून नेमक्या त्याच वेळी दुचाक्या घुसतात. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत महिलांना राज्यातील साध्या बसचा प्रवास मोफत झाला, बसला गर्दी वाढली. हे चांगलेच झाले. पण ज्या बाईला तिकीट माफ केले, तिला बसपर्यंत सुखरूप पोहोचण्याची सोय कोणी केली नाही.

हा केवळ आपल्या गावचा रडगाणे नव्हे. देशात २०२३ साली रस्ते अपघातांत १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांत ३५ हजारांहून अधिक पायी चालणारी होती. म्हणजे पाच मृतांमागे एक असा, जो कोणत्याही वाहनात बसलेला नव्हता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, चालण्याजोगा फूटपाथ मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. इंडियन रोड्स काँग्रेसचे मापही ठरलेले आहे. फूटपाथवर निदान १.८ मीटर रुंदी पूर्ण मोकळी हवी आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. गुडघे दुखणाऱ्याला चढता येत नाही असा उंच फूटपाथ बांधणे म्हणजे त्याला रस्त्यावरून चाल म्हणण्यासारखेच आहे.

आता थोडे कडू बोलतो, राग मानू नये. गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली, खडेबाजार येथील जुनी घरे आणि दुकाने कोणाची? बरीचशी आपलीच, तीन-तीन पिढ्यांची. दुकानाची पायरी एक फूट पुढे आली, तिच्यावर फळी आली, फळीपुढे मालाचे खोके आले आणि खोक्यापुढे मालकाची स्कूटर. मग आपणच सभेत म्हणतो, महापालिका काही करत नाही. महापालिकेला जाब विचारायचाच आहे, पण आपली पायरी मागे घेतली तर तो विचारताना आवाज चढा राहील.

फेरीवाल्यांवर सगळे खापर फोडणेही बरे नव्हे. भाजीची बुट्टी घेऊन बसणारी बाई खेड्यातून आलेली आपलीच असते. २०१४ च्या कायद्याने पथविक्रेत्यांना संरक्षण आहे. शहर विक्री समितीत ४० टक्के सदस्य त्यांचे असावेत आणि त्यांच्या जागा समितीच्या सल्ल्याने आखून द्याव्यात, असे त्यात आहे. त्यांना हाकलू नका, जागा आखून द्या, ही आपली भूमिका असावी.

काही जण म्हणतात, रस्ता रुंद करा. पेठेत दोन्ही बाजूंना पिढीजात घरे आहेत. ती पाडायची किंमत कोण मोजणार? आणि रुंदी वाढली की तिथे आणखी गाड्या उभ्या राहतात, हेही आपण पाहिले आहे. आहे तीच रुंदी नीट वाटून घेणे स्वस्त आणि शहाणपणाचे.

हे जमत नाही असे म्हणू नका. लोकमान्यांनी १९०५ साली सुरू केलेल्या आपल्या सार्वजनिक गणेशोत्सवाची मिरवणूक हुतात्मा चौकातून निघते आणि याच गल्ल्यांतून कपिलेश्वर तलावाकडे जाते. त्या रात्री पेठ चालणाऱ्यांची असते आणि गाव बुडत नाही. पुण्यात महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिन पाळून लक्ष्मी रस्त्याचा भाग वाहनांना बंद ठेवला. जंगली महाराज रस्त्यावर फूटपाथ रुंद करून बसायला बाके केली. आपल्यापैकी अनेकांची मुले तिथे शिकतात, त्यांना विचारा.

आपण महापालिका, वाहतूक पोलीस आणि वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळ यांच्याकडे पुढील मागण्या लेखी द्याव्यात. धर्मवीर संभाजी चौकापासून सुरुवात व्हावी. थांब्याच्या मागेपुढे वाहने उभी करण्यास बंदी असावी, रिक्षांना वेगळा थांबा द्यावा. फूटपाथ थांब्याच्या जागी पुढे आणावा, म्हणजे बस कडेलाच लागेल. ओलांडण्याची जागा रस्त्यापेक्षा थोडी उंच असावी, म्हणजे वाहन आपोआप हळू होईल. पेठेत माल उतरवण्याची वेळ सकाळी लवकर ठेवावी. आणि बसवर मार्गाचा क्रमांक सर्वांना वाचता येईल अशा मोठ्या अंकांत आणि गावांची नावे मराठीतही असावीत. चुकीच्या बसमागे धावणारा म्हातारा माणूसच गाडीखाली येतो. मराठी पाट्यांची आपली जुनी मागणी सुरक्षिततेचीही मागणी आहे.

निपाणीकरांसाठी हेच वेगळ्या रूपात आहे. तिथे गावाला लागून पुणे-बेंगळुरू महामार्ग धावतो. १९८१ साली तंबाखू शेतकऱ्यांनी याच महामार्गावर ठाण मांडले आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात शेतकरी बळी पडले. त्या गावातल्या विडी कामगार बाईला आज महामार्गाच्या पलीकडे जाताना जीव मुठीत धरावा लागू नये, एवढे तरी आपण पाहिले पाहिजे.

शेवटी एकच विनंती. निवेदन सह्यांसाठी दाराशी ठेवले आहे. सही करून घरी जाताना आपल्या दाराची पायरी एकदा पाहा. ती रस्त्यात आली असेल, तर मागे घेण्याची सुरुवात उद्या सकाळी आपल्यापासून होऊ द्या.

जय महाराष्ट्र!