तपासणार कोण?



अण्वस्त्रांचा विषय निघाला की आपण म्हणतो, हे मोठ्या राष्ट्रांचं काम, आपल्याला काय त्याचं? पण बॉम्ब काही गरिबाची खोली वगळून पडत नाही.

सोव्हिएत रशियाने एसएस-२० क्षेपणास्त्रे युरोपवर रोखली होती. त्याला उत्तर म्हणून नाटो या लष्करी गटाने अमेरिकेची पर्शिंग-२ क्षेपणास्त्रे १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीत आणली. इशारा आणि स्फोट यांच्यामध्ये उरली काही मिनिटे! चूक झाली तर विचार करायलाही वेळ नाही.

अशा परिस्थितीत ८ डिसेंबर १९८७ रोजी रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी वॉशिंग्टनमध्ये करार केला. ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची, जमिनीवरून सोडायची सगळी क्षेपणास्त्रे नष्ट करायची. १९९१ पर्यंत अशी २,६९२ क्षेपणास्त्रे मोडली गेली.

हे नुसत्या विश्वासावर झालं का? नाही. एकमेकांचे तपासनीस एकमेकांच्या कारखान्याच्या फाटकावर वर्षानुवर्षे बसले, म्हणून झालं. भिशीचा हिशेब चारचौघांत मांडला तर कुणाचा अपमान होत नाही. उलट भिशी टिकते. तसंच हे.

ठरल्याप्रमाणे ही तपासणी २००१ मध्ये थांबली. पुढे अमेरिकेने रशियावर करारभंगाचा आरोप केला, रशियाने तो नाकारला. खरं-खोटं बघायला फाटकावर कुणीच नव्हतं. २ ऑगस्ट २०१९ रोजी करार संपला.

म्हणून पुढारी शांततेची भाषा बोलले की टाळ्या जरूर वाजवा. पण एवढंच विचारा, तपासणार कोण?