मंडालेचे विद्यापीठ

मंडाले म्हटले की आपणांस लोकमान्यांचा तुरुंगवास आठवतो. ‘गीतारहस्य’ तेथेच लिहिले गेले. त्याच शहरात १९२५ साली एक लहानसे महाविद्यालय निघाले आणि १९५८ मध्ये त्याचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. शताब्दीच्याच वर्षी, २८ मार्च २०२५ रोजी, ७.७ तीव्रतेच्या भूकंपाने मंडाले हादरले. विद्यापीठाच्या इमारतींनाही तडाखा बसला.

इमारती पुन्हा बांधता येतील. माझी चिंता निराळी आहे. १९८८ च्या उठावानंतर ब्रह्मदेशच्या लष्करशहांनी विद्यापीठे वर्षानुवर्षे बंद ठेवली. २०२१ साली लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली, तेव्हा असहकार पुकारणारे हजारो अध्यापक निलंबित झाले. विद्यार्थी कुणी तुरुंगात गेले, कुणी जंगलात. (असहकार हा शब्द आपल्याला तरी परका वाटू नये!) त्यांच्यावाचून उघडलेल्या वर्गांना मी विद्यापीठ कसे म्हणू?

हे विद्यापीठ सावरावे, घालवून दिलेले अध्यापक तेथे सन्मानाने परतावेत, अशी माझी आस आहे. तोपर्यंत मिझोरममध्ये आश्रयास आलेल्या त्या देशातील तरुणांना आपल्या विद्यापीठांत प्रवेश मिळावा, एवढी मागणी आपण आजच करू शकतो.