अपूर्ण भूतकाळाची साक्ष


इंग्रजीत ‘वॉज वॉकिंग’ म्हटले, की चालणे घडलेच. परंतु ‘वॉज क्रॉसिंग द रिव्हर’ म्हटल्याने पैलतीर गाठल्याची ग्वाही मिळत नाही. ऐलतीर ते पैलतीर या क्रियेला शेवट ठरलेला असतो. नुसत्या चालण्याला तो नसतो. तत्त्वज्ञ झेनो वेंडलर यांनी १९५७ साली क्रियापदांतील हा भेद स्पष्ट केला. आपला अपूर्ण भूतकाळही तो राखतो. ‘नदी ओलांडत होता’ म्हणजे ‘ओलांडली’ नव्हे. म्हणूनच ‘वॉज ड्राउनिंग’चे भाषांतर ‘बुडाला’ असे करणारा अनुवादक कदाचित तीरावर सुखरूप आलेल्या माणसालाही बुडवतो. अनुवाद करणाऱ्या सभासदांनी एवढा विवेक बाळगावा, ही विनंती.