जीप ते थार: साचा तोच, आतलं सगळं नवं

शनिवारी सकाळी पेणला हायवेवर उभे राहा, मुंबईहून येणाऱ्या थार मोजून दमाल. आज हिच्याच खानदानाबद्दल बोलूया.

मूळ गाडी अमेरिकन. विलीज कंपनीने दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बनवलेली जीप. १९४९ मध्ये महिंद्राने मुंबईत, माझगावला, तिची जुळणी सुरू केली.

पहिला ठळक बदल बॉनेटचा. १९५३ च्या सीजे-३बी मॉडेलचं नवं इंजिन इतकं उंच, की जुन्या बॉनेटखाली मावेना. मग काय, बॉनेटच उंच केलं! जुन्या सिनेमातली पोलिसांची जीप आठवा, तेच उंच नाक. ते स्टाईल म्हणून नाही, गरज म्हणून आलं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ ला थांबलं. आपल्याकडे पुढे कित्येक वर्षं बनत राहिलं.

ऐंशीच्या दशकात एमएम ५४० आली, फ्रान्सच्या प्यूजोच्या डिझेल इंजिनाची. २०१० च्या थारमध्ये कॉमन रेल डिझेल आलं, पण मागे पाटे तसेच. २०२० च्या नव्या थारमध्ये पाटे जाऊन कॉइल स्प्रिंग आल्या, ऑटोमॅटिक गिअरही मिळाला. २०२४ ला पाच दारांची रॉक्स.

पेणच्या गणपती कारखान्यांत एकाच साच्यातून वेगवेगळ्या रंगांच्या मूर्ती निघतात. इथे उलटं झालं. चेहरा तोच आणि आतलं सगळं नवं. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत, इंटरफेस जुना, कोड नवीन.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा बदल इंजिनात नाहीच, मागच्या सीटमध्ये आहे. जुन्या जीपमध्ये मागे समोरासमोर बाक. लग्नाला निघालं की सहा-आठ जण दाटीवाटीने, पट्टा कुणालाच नाही. २०२० च्या थारमध्येही सुरुवातीला काही मॉडेलना असे बाक होते. लवकरच ती बंद झाली. त्याच वर्षी पुढे तोंड करून बसायच्या सीटवाल्या थारला ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये पाचपैकी चार स्टार मिळाले. रॉक्सला भारत एनकॅपमध्ये पाच.

म्हणून रोह्यात, पेणमध्ये कुणी जुनी जीप घेऊन सजवायचं म्हणत असेल, तर जरूर घ्या. फक्त मोठे टायर आणि लाइट नंतर बघा. मागे बसणाऱ्या भावंडांना पट्टा आहे का, ते आधी बघा.

चला, भेटू पुढच्या भागात!